तीन मिनिटांचं लग्न

सकाळी ८. पांढुर्ण्यातलं दुकान उघडलं की आधी मेमरी कार्डं रिकामी करायची. सौसरचं, संत्रावाल्या घरचं लग्न. पूर्ण व्हिडिओ नवरा-नवरीही पाहत नाहीत. तीन मिनिटांचा ट्रेलर मात्र अख्खं गोत मोबाइलवर पाहतं.

१०. एक क्लिप सापडली: नवरीच्या डोळ्यांत टचकन पाणी. मी समोरच उभा होतो, पाणी होमाच्या धुराचं. पुढे वरातीतला नवरदेव लावला तर ते आनंदाश्रू; पुढे बापाचा चेहरा लावला तर पाठवणी. शंभर वर्षांमागे रशियात लेव्ह कुलेशोव्हने हाच खेळ केला. नटाचा एकच निर्विकार चेहरा, पुढे कधी सूपची वाटी, कधी शवपेटी. लोकांना त्यात कधी भूक दिसली, कधी दुःख. मी बाप लावला. खोटं? थोडंफार. पण पाठवणीच्या वेळी ती खरोखर रडली तेव्हा कॅमेऱ्यापुढे काकूंची पाठ होती.

१२. आवाज. बँडवर बँड चढवून उपयोग नाही. ‘सावधान’ झालं की सगळा आवाज तोडला, पडदा क्षणभर काळा. मग अक्षता, सेकंदाला पन्नास फ्रेमनं घेतलेल्या, पंचवीसनं सोडल्या. हवेतच रेंगाळतात. मोठ्या सिनेमांचे ट्रेलर अशाच काळ्या पडद्यावर धाक बसवतात.

२. डबा. ‘छावा’चा विषय निघाला. जानेवारी २०२५ मध्ये ट्रेलर आला, त्यात संभाजी महाराज लेझीम खेळताना काही क्षण दिसले, आणि वाद पेटला. राज ठाकरेंना भेटून दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी ते दृश्य काढतो म्हणून सांगितलं. सिनेमा १४ फेब्रुवारीला लागायचा होता; मागचा-पुढचा प्रसंग कोणी पाहिलाच नव्हता. ट्रेलरमध्ये आलं, तेच लोकांनी धरलं.

५. नवरीचे वडील आले. पाहून डोळे पुसले, मग म्हणाले, “सगळं बेस आहे भाऊ, पण नागपूरचे मामा कुठीच नाही. वर्षभर ऐकावं लागन मले.”

६. मामांची धड दिसणारी क्लिप एकच, केटररवर डोळे वटारतानाची. नवरदेवाच्या एंट्रीनंतर लावली तर मामांना जावई पसंत नाही असंच दिसतं. सामान गाडीत चढतानाच्या शॉटला जोडली. आता तेच मामा भाचीच्या काळजीनं गंभीर झालेले वाटतात.

८. रेंडर लावला. तेवढ्यात विहीणबाईंचा फोन: त्यांच्याकडच्या मामांचं काय?