तीन अमिनो आम्लांची पकड
फायब्रोनेक्टिन हे दोन हजारांहून अधिक अमिनो आम्लांचं लांबलचक प्रथिन. पेशी त्याला धरून राहतात. पण ही पकड मुख्यतः आर्जिनिन, ग्लायसिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्ल या तिघांवर असते, हे पियर्शबाकर आणि रूओस्लाहती या शास्त्रज्ञांनी १९८४ साली दाखवलं. तिसऱ्याच्या जागी ग्लुटामिक आम्ल घातलं, म्हणजे जेमतेम एक कार्बन वाढला, तरी पकड जाते. आक्षेप असा, की हे त्रिकूट इतर अनेक प्रथिनांत योगायोगानं सापडतं आणि तिथं पेशी चिकटत नाहीत. आक्षेप रास्त आहे. फायब्रोनेक्टिनमध्ये ते बाहेर आलेल्या वळणावर असतं, म्हणूनच पेशीवरच्या इंटिग्रिन या पकड घेणाऱ्या प्रथिनाला गवसतं, आकार लागतोच. तरीही निर्णायक त्रिकूटच, असं मी ठामपणे म्हणेन, कारण त्याची नक्कल करणारं टिरोफिबान हे छोटंसं औषध रक्तातल्या प्लेटलेट्सवरचं इंटिग्रिन अडवून त्यांना एकमेकींना चिकटू देत नाही आणि हृदयविकारात वापरलं जातं.