खाडीचा जिताडा : पाण्याची खोली, खोटी मासोळी आणि दोर

खाडीकाठच्या माणसाला गरवायला शिकवावे, असे कोण म्हणेल? वसईच्या किल्ल्याखाली, पाचूबंदरला, नायगावच्या धक्क्यावर हातदोरी घेऊन बसलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या दिसत आली आहेत. जिवंत कोळंबी नाहीतर बोईटाचे पिल्लू गरीला लावावे, शिशाचा तुकडा बांधावा आणि वाट पाहावी, ही विद्या कोणी पुस्तकातून घेतलेली नाही.

परंतु मंडळी, अलीकडे एक नवे प्रकरण आपल्याकडे आले आहे. सांडोर, पापडी, वसई गावातली तरुण मुले रीळ बसवलेली काठी आणि रंगीत खोटी मासोळी घेऊन खाडीवर जातात. हिला दुकानदार ‘लूर’ म्हणतो. तिच्या तोंडाखाली पारदर्शक पट्टी असते. दोर ओढला की ती शेपटी हलवीत पाण्यात खाली बुडी मारते. डबीवर ‘दहा फूट’, ‘पंधरा फूट’ असे आकडे छापलेले असतात. मुले आकडा पाहून घेतात, पहिल्याच दिवशी ती कालवांच्या खडकात अडकते, दोर तुटतो आणि चारपाचशे रुपये पाण्यात जातात. कधी मासा लागतो आणि दोर तुटल्यामुळे तोंडात गरी घेऊन निघून जातो. हे दुसरे नुकसान पहिल्याहून वाईट. म्हणून ही मासोळी आणि तिचा दोर निवडायचा कसा, याचा थोडा विचार आपण करू.

या मासोळ्या मुळात कोणासाठी केल्या? पुष्कळशा अमेरिकेतल्या बास नावाच्या माशासाठी. तो गोड्या पाण्यातल्या तळ्यांत राहतो. आपल्या जिताड्यालाही इंग्रजी पुस्तकांत आशियाई सागरी बास म्हणतात, आणि ऑस्ट्रेलियात हाच मासा बॅरामंडी या नावाने प्रसिद्ध आहे. नावात बास असला तरी अमेरिकेचा बास आणि आपला जिताडा यांची कुळे वेगळी. मात्र शिकार करण्याची तऱ्हा बरीच सारखी. दोघेही मुळे, खडक, पुलाचे खांब यांच्या आडोशाला दबा धरून बसतात आणि भक्ष्य जवळ आले की तोंड एकदम उघडून पाण्यासकट आत ओढून घेतात. म्हणूनच त्या मासोळीवर आपला जिताडा फसतो.

पण एक मोठा फरक आहे, आणि सगळी मेख तिथेच आहे. तळ्याचे पाणी आज दहा फूट असेल तर उद्याही साधारण दहाच फूट असते. आपली खाडी दिवसातून दोनदा भरते नि दोनदा सुकते. तळ्यासाठी छापलेला आकडा आपल्याकडे एका वेळी खरा ठरतो आणि तीन तासांनी खोटा. तेव्हा आधी पाण्याची खोली, मग मासोळी आणि मग तिला साजेसा दोर, हा क्रम लक्षात ठेवावा.

खोली मोजायला यंत्र नको. दोरीला शिसे बांधा, दर वावेवर म्हणजे दर सहा फुटांवर गाठ मारा आणि ओहोटी पूर्ण झाली असता होडीतून किंवा धक्क्यावरून सोडून पाहा. समजा एका वळणावर सुकतीला सहा फूट पाणी मिळाले. आता भरती किती चढेल? आपल्याकडे पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी बारा-चौदा फूट सहज चढते. अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाला, ही चढउतार निम्म्याहूनही कमी असते. हिशेबाला सोपे जावे म्हणून बारा फूट धरू.

हे बारा फूट सहा तासांत चढतात, पण दर तासाला सारखे नव्हे. पहिल्या तासाला एक फूट, दुसऱ्या तासाला दोन, तिसऱ्याला तीन, चौथ्याला तीन, पाचव्याला दोन आणि सहाव्याला एक. बेरीज करून पाहा, बारा होतात. दर्यावर्दी लोकांचा हा ठोकताळा आहे. शिक्षकांनी तो फळ्यावर मांडावा, मुलांना अंकगणित आणि खाडी दोन्ही कळतील. आपल्या वळणावर मग सहाचे सात, सातांचे नऊ, नवांचे बारा, बारांचे पंधरा, पंधरांचे सतरा आणि सतरांचे अठरा फूट होतात. मधल्या दोन तासांत पाणी किती झपाट्याने वाढते पाहा!

भरतीची वेळ काढायची तर कोष्टके छापील मिळतात, मोबाइलवरही मिळतात. पण जुन्यांचा हिशेब विसरू नये : तिथीची पाऊणपट करावी. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. थोडाफार फरक पडतो, आणि खाडीत जितके आत जावे तितकी भरती उशिरा पोहोचते, एवढे ध्यानात ठेवावे.

आता कोणी म्हणेल, पूर्ण भरतीला पाणी अठरा फूट, तेव्हा सर्वांत खोल जाणारी मासोळी घ्यावी. येथेच पुष्कळजण चुकतात. भरती चढली की बोईटांची पिल्ले आणि कोळंबी तिवरांच्या मुळांत शिरतात आणि जिताडा त्यांच्या मागे जातो. तिथे पाणी तीनचार फूटच असते. म्हणजे भर भरतीला, पाणी सर्वांत जास्त असताना, मासोळी हवी ती उथळ चालणारी. ओहोटी लागली की हा सगळा खाऊ लहान ओहळांतून मुख्य खाडीकडे वाहून येतो. ओहळ जिथे खाडीला मिळतो आणि तळ एकदम खाली उतरतो, तिथे जिताडा तोंड वर करून बसतो. खोल बुडी मारणाऱ्या मासोळीची जागा ती, आणि वेळ ओहोटीचे पहिले तीन तास.

त्या जागी पाणी बारा फूट असेल तर दहा फूट जाणारी मासोळी निवडावी. अमेरिकेत तळाला ठोकर देत मासोळी ओढतात. आपल्याकडे कालवे आणि मुळे असल्यामुळे फूट-दोन फूट वरून चालवलेली बरी. ती कशाला आपटली असे हाताला जाणवले तर जोराने ओढू नका. ओढणे थांबवा. यातल्या बहुतेक मासोळ्या तरंगणाऱ्या असतात, दोर सैल सोडला की आपोआप वर येऊन अडचणीतून सुटतात. आणि मजा अशी की, आपटून थांबलेल्या मासोळीवरच जिताडा पुष्कळदा झडप घालतो.

मासोळी खोल जाईल की उथळ, हे डबी न वाचताही ओळखता येते. तोंडाखालची पट्टी पाहावी. ती आखूड आणि सरळ खाली वळलेली असेल तर मासोळी उथळ चालते. लांब, रुंद आणि अंगाच्या रेषेत पुढे आलेली असेल तर खोल जाते. कारण साधे आहे. ओढताना पाण्याचा दाब तिरप्या पट्टीवर पडतो आणि तोंड खाली लोटतो, पतंग वाऱ्यावर वर चढतो त्याच्या अगदी उलट.

फिनलंड देशात लाउरी रापाला नावाचा एक मच्छीमार होता. जखमी होऊन वेडेवाकडे पोहणाऱ्या मासोळीवर मोठे मासे आधी तुटून पडतात, हे त्याने पाहून ठेवले होते. १९३६ साली त्याने बुचाचा तुकडा कोरून, त्यावर चॉकलेटचा चकाकता कागद चिकटवून आणि फोटोच्या जुन्या फिल्मा वितळवून त्यांचा लेप देऊन तशी पोहणारी मासोळी बनवली. आज जगभर विकल्या जाणाऱ्या मासोळ्यांत त्याच्या नावाची मासोळी प्रसिद्ध आहे. सांगायचे एवढेच, की ही विद्या हातावर पोट असलेल्या माणसाच्या निरीक्षणातून निघाली आहे.

आता दोराकडे वळू. डबीवरचा आकडा एकट्या मासोळीचा नसतो, तो मासोळी आणि दोर या जोडीचा असतो. दोरही पाणी कापीत जातो आणि पाणी त्याला अडवते. दोर जितका जाड, तितकी अडवणूक जास्त आणि मासोळी तितकी वर. तीच दहा फुटी मासोळी जाड तंगूसाला बांधली तर काही फूट वरच राहते. मग जाडीचा लोभ सोडून अगदी बारीक दोर घ्यावा काय? तर तेही नाही. तंगूसाची जाडी दुप्पट केली तर पाण्याची अडवणूक साधारण दुप्पट होते, पण ताकद जवळजवळ चौपट होते, कारण ताकद छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. दोन्ही बाजू तोलाव्या लागतात.

दोर मुख्यतः दोन जातींचा. एक, आपला नेहमीचा नायलॉनचा तंगूस. तो ताणला की बराच लांबतो, त्यामुळे झटका सोसतो. मात्र दूरवर माशाने घेतलेली चव हाताला उशिरा कळते. दुसरा, बारीक तंतूंचा विणलेला दोर. तो जवळजवळ ताणत नाही आणि त्याच जाडीच्या तंगूसाच्या दुपटीहून अधिक बळकट असतो. ०.२८ मिलिमीटरचा तंगूस पाच किलोच्या आसपास तुटतो, तर तेवढाच विणीचा दोर तेरा किलोपर्यंत टिकतो. खोल बुडीच्या मासोळीला म्हणूनच विणीचा दोर सोयीचा. बारीक असल्याने तो मासोळीला खाली जाऊ देतो.

परंतु विणीचा दोर थेट मासोळीला बांधू नये. जिताड्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते आणि कालवांच्या शिंपाही तशाच. घासला की विणीचा दोर पटकन कापला जातो. म्हणून शेवटचे दोन-तीन हात जाड तंगूस जोडावा, सुमारे ०.६ मिलिमीटरचा. एवढा आखूड तुकडा मासोळीच्या बुडीला फारसा आडवा येत नाही. गाठ आवळण्यापूर्वी ओली करावी, कोरडी आवळली तर घर्षणाने तंगूस तापतो आणि कमजोर होतो. दर तासाला हा तुकडा बोटांतून फिरवून पाहावा. खरखरीत लागला की कापून टाकावा, पैशाकडे पाहू नये.

शिक्षकांनी शाळेत करून दाखवावा असा एक प्रयोग सांगतो. बोटभर लांबीची हलक्या लाकडाची कांडी घ्या. पुढच्या टोकाखाली तिरपी खाच पाडून प्लास्टिकचा चपटा तुकडा बसवा. पोटाला एक खिळा ठोका, म्हणजे ती उलटी होणार नाही. नाकाला शिवणाचा दोरा बांधून हौदातून ओढा, कांडी बुडी मारील. आता दोरा सोडून सुतळी बांधा आणि तशीच ओढा. ती कमी बुडेल. पट्टी आणि दोर, दोन्हींचा धडा मुलांना डोळ्यांनी दिसेल.

फेकल्याबरोबर मासोळी दहा फुटांवर पोहोचत नाही, हेही लक्षात असू द्या. ती हळूहळू खाली जाते आणि आपल्याजवळ येताना पुन्हा वर चढते. म्हणून मासा जिथे असावा असे वाटते त्याच्या पलीकडे बरेच दूर फेकावे आणि ओढताना काठीचे टोक पाण्याकडे झुकते ठेवावे. रंगाची फार चिकित्सा नको. आपली खाडी गढूळ, जिताडा डोळ्यांइतकाच अंगावरच्या संवेदनरेषेने पाण्यातला कंप ओळखतो. उधाणापेक्षा भांगाच्या दिवसांत पाणी त्यातल्या त्यात निवळ आणि संथ असते. नवशिक्याने ते दिवस धरावेत.

आता शेवटची आणि माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट. जिताडा जन्माने बहुधा नर असतो. काही वर्षे नर म्हणून काढल्यावर, लांबी तीन फुटांच्या आसपास गेली की, तो मादी होतो. म्हणजे खाडीतला सर्वांत मोठा जिताडा ही बहुधा आई असते. पावसाळ्यात ती खाडीच्या मुखाशी लक्षावधी अंडी घालते आणि पिल्ले पुढे निमखाऱ्या, गोड्या पाण्याकडे चढतात. फोटोसाठी अशी मादी मारणे म्हणजे बियाणे भाजून खाणे. मध्यम आकाराचा मासा घरी न्यावा, मोठी मादी पाण्यातच धरून, गरी सोडवून जाऊ द्यावी. गरीच्या टोकामागचा काटा पकडीने दाबून टाकला तर हे काम सोपे होते, आणि आपल्या बोटात गरी घुसली तर तीही सुखाने निघते.

बारीक दोराने मोठा मासा खेळवण्याची फुशारकी म्हणूनच वाईट. दोर तुटला तर आपली मासोळी जाते एवढेच नव्हे, तीन तोंडांची गरी तोंडात घेऊन तो मासा उपाशी मरू शकतो. आणि तुटका तंगूस खाडीवर टाकू नका. तो कुजत नाही, वर्षानुवर्षे तिवरांत राहतो आणि बगळ्यांच्या पायांत अडकतो. घरी आणून बारीक तुकडे करून कचऱ्यात द्यावा.

चढत्या भरतीत चिखलाच्या बेटावर उभे राहू नये, कारण पाणी आधी पाठीमागून भरते. होडीत जीवरक्षक जाकीट घालावे. वीज कडाडू लागली की कार्बनची काठी खाली ठेवून परतावे. कोळी बांधवांच्या डोलीच्या जाळ्यांपासून मासोळी दूर फेकावी. खाडी त्यांचे शेत आहे, आपण तेथे पाहुणे.

तात्पर्य, दुकानात जाण्यापूर्वी एकदा सुकतीला खाडीवर जा, शिसे सोडून तळ पाहा, तिथीची पाऊणपट करा आणि वहीत खोली लिहून ठेवा. मग एक उथळ मासोळी, एक खोल मासोळी, बारीक विणीचा दोर आणि पुढे जाड तंगूसाचा तुकडा, एवढ्यावर तुमचे काम भागेल. बाकीची डबी दुकानातच राहू द्या.