चार चाकांचा हिशेब, लेखांक ६ : गाडी रात्री कुठे उभी राहते?

दिवाळीच्या आधी कोल्हापूरहून ताईचा फोन आला. "दाजी इलेक्ट्रिक घ्यायची म्हणतायत. तुझं काय मत?" त्याच आठवड्यात पुण्यात आमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी जिन्यात थांबवून तोच प्रश्न विचारला. दोन्ही घरांचं बजेट सारखंच, बारा-पंधरा लाखांचं. दोन्हीकडे माणसं चार. तरी ताईला मी 'घ्या' म्हणालो आणि शेजाऱ्यांना 'आत्ता नको'. शेजाऱ्यांना ते जरा लागलं. एकाच प्रश्नाला दोन उत्तरं का, हे त्यांना बसून सांगितलं, तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

गेल्या लेखांकात बॅटरीच्या आत काय घडतं ते पाहिलं. आज बॅटरीपेक्षा साधी गोष्ट पाहायची आहे : गाडी रात्री कुठे उभी राहते आणि तिथून प्लग किती लांब आहे. शोरूममध्ये हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतं. माझ्या मते निवडीचा निम्माअधिक निकाल त्यातच लागतो.

ताईचं घर बंगला आहे. पोर्चमध्ये गाडी, पोर्चच्या भिंतीवर घरचा मीटर. दाजींची इचलकरंजीला रोज ये-जा, जाऊन-येऊन साठ किलोमीटर. गिझरला असतो तसा १६ अँपिअरचा प्लग गाडीला तासाला साधारण तीन युनिटं वीज देतो. रात्री दहाला लावली तर सकाळी सहापर्यंत चोवीस युनिटं, म्हणजे दीडशे किलोमीटरची सोय. दाजींना लागतात साठ. त्यांना घरी महागडा चार्जर बसवण्याचीही गरज नाही. मात्र गिझर पंधरा मिनिटं चालतो आणि गाडी आठ तास, तीही पूर्ण भारावर. म्हणून मेन बोर्डापासून वेगळी, जाड वायर, स्वतंत्र एमसीबी आणि नीट तपासलेलं अर्थिंग हवंच. अर्थिंग कच्चं असेल तर बहुतेक चार्जर वीज घ्यायलाच नकार देतात आणि माणूस गाडीला दोष देत बसतो.

आता पैशांचं बघू. सोयीसाठी पेट्रोल १०४ रुपये लिटर धरू आणि शहरात गाडी लिटरला १५ किलोमीटर जाते असं धरू. किलोमीटरला सात रुपये पडतात. स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडरसारखी गाडी, रोजच्या वापरात लिटरला २२ देईल असं मानलं तर पावणेपाच रुपये. सीएनजी ९० रुपये किलो आणि किलोला २२ किलोमीटर धरले तर चार रुपये. इलेक्ट्रिक गाडी भिंतीतून घेतलेल्या एका युनिटात साडेसहा किलोमीटर जाते असं धरू. मग किलोमीटरला किती? इथे एका आकड्यात उत्तर देता येत नाही. 'इलेक्ट्रिक गाडी रुपयात किलोमीटर जाते' असं सरसकट सांगणारा तुमच्या वीजबिलाकडे न बघता बोलतो.

महावितरणचं घरगुती बिल काढून बघा. त्यात पायऱ्या असतात : शंभर युनिटांपर्यंत एक दर, पुढे तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा, त्यावर चौथा. प्रत्येक पायरीला दर चढतो. ताईकडे महिन्याला दीडशे युनिटं लागायची. दाजींच्या ये-जेला महिन्याला अडीचशे युनिटं लागणार. बेरीज चारशे. म्हणजे गाडीची वीज घरच्या स्वस्त पायरीवर पडत नाही, ती सगळ्यात वर जाऊन बसते. वहन आकार धरून तिथला सरासरी दर सोळा रुपये मानला तरी किलोमीटरला अडीच रुपये होतात. पेट्रोलच्या सातपुढे हे कमीच आहे, पण रुपयाही नाही. ईव्ही चार्जिंगसाठी वेगळ्या वर्गातली जोडणी घेतली आणि दर आठ रुपयांच्या आसपास पडला, तर खर्च सव्वा रुपयावर येतो. आणि रस्त्यावरच्या फास्ट चार्जरवर युनिटला चोवीस रुपये मोजावे लागले, तर पावणेचार रुपये. हा शेवटचा आकडा सीएनजीला चिकटून आहे, तो लक्षात असू द्या.

दाजींना आणखी एक वाट होती. घराची गच्ची मोकळी आहे. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचाला ७८,००० रुपयांचं अनुदान मिळतं. असा संच आपल्याकडच्या उन्हात वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला बारा युनिटांच्या आसपास देतो. गाडीला रोज लागतात नऊ-दहा. पावसाळ्यात उत्पादन पडतं हे खरं, पण नेट मीटरिंगमुळे उन्हाळ्यातलं जास्तीचं खात्यात जमा राहतं. ज्याला स्वतःची गच्ची आणि स्वतःचा पोर्च आहे, त्याने पेट्रोलची गाडी घेण्याआधी खरंच थांबून विचार करावा.

शेजाऱ्यांचं चित्र उलटं आहे. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या जागा दरवर्षी चिठ्ठ्या टाकून बदलतात. यंदा जी जागा मिळाली तिच्यापासून मीटर रूम इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. वायर ओढायची कुठून, पुढच्या वर्षी जागा बदलली तर ती काढायची का, सामायिक मीटरवरून वीज घेतली तर पैसे कोणाच्या खात्यावर, या प्रश्नांवर समितीने अजून काही ठरवलेलं नाही. म्हणजे त्यांना फास्ट चार्जरशिवाय गत्यंतर नाही. आठवड्यातून एकदा तिथे पाऊण तास बसायचं आणि सीएनजीएवढेच पैसे मोजायचे. शिवाय त्यांची गाडी वर्षाला जेमतेम सहा हजार किलोमीटर चालते. कचेरीला ते मेट्रोने जातात.

इलेक्ट्रिक गाडी तशाच पेट्रोल गाडीपेक्षा तीन लाखांनी महाग पडते असं समजू. दाजी वर्षाला अठरा हजार किलोमीटर चालवतात आणि महागड्या पायरीची वीज वापरूनही किलोमीटरमागे साडेचार रुपये वाचवतात. वर्षाला ऐंशी हजार. तीन लाख चार वर्षांच्या आत फिटले. बॅटरीची वॉरंटी बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर देतात, म्हणजे नंतरची चार वर्षंही हमीतलीच. शेजारी वाचवणार वर्षाला वीस हजार. तेच तीन लाख फिटायला पंधरा वर्षं. खासगी गाडीच्या नोंदणीची पहिली मुदतही पंधराच वर्षांची असते.

आपण वर्षाला किती चालवतो याचा बहुतेकांचा अंदाज चुकतो आणि तो नेहमी वरच्या बाजूला चुकतो. जुन्या गाडीच्या मीटरवरचे किलोमीटर घ्या आणि गाडीच्या वयाने भागा. कोणताही निर्णय त्या आकड्याशिवाय घेऊ नका.

आता रेंजची धास्ती. कोथरूडच्या टेकडीवर फिरायला जाणारे पुणेकर एआरएआय या वाहनचाचणी संस्थेच्या आवाराजवळून रोज जातात. तिथल्या चाचणीचा आकडा जाहिरातीत येतो. भारतीय चाचणीचक्रात वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि एसी बंद असतो. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीचा जाहीर आकडा ३१२ किलोमीटर होता, रस्त्यावर लोकांना दोनशेच्या आसपास मिळत होते. कंपनीने फसवलं असं त्यावरून म्हणता येत नाही, चाचणीच तशी आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. समृद्धीवर ऐंशीऐवजी एकशे दहाने गेलात तर तो जवळजवळ दुप्पट होतो. जाहिरातीतल्या आकड्यातून तिसरा हिस्सा वजा करा आणि उरलेल्यावर प्रवास आखा.

घाटाचीही लोकांना भीती वाटते, ती मात्र बरीचशी निराधार आहे. खोपोली ते लोणावळा चढ साधारण साडेपाचशे मीटरचा. माणसांसह अठराशे किलोची गाडी तेवढी वर उचलायला पावणेतीन युनिटं लागतात, मोटरमधली गळती धरून तीन-सव्वातीन. चाळीस युनिटांच्या बॅटरीला हे जड नाही. आणि परत उतरताना मोटर जनरेटर होते, खर्चलेल्यातला बराच भाग बॅटरीत परत येतो. पेट्रोलची गाडी तीच ऊर्जा ब्रेक तापवून हवेत सोडते. मुंबई-पुणे शहरातल्या थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीतही हेच घडतं. म्हणून इलेक्ट्रिक आणि स्ट्राँग हायब्रिड, दोघींचाही खरा फायदा गर्दीत दिसतो. सरळ महामार्गावर हायब्रिडची आघाडी बरीच कमी होते.

"मग दोन्ही असलेली घेतो," शेजारी म्हणाले. "प्लगही आणि पेट्रोलही." प्लग-इन हायब्रिडबद्दल ते बोलत होते, आणि कल्पना खरोखर सुरेख आहे. स्ट्राँग हायब्रिडमध्ये बॅटरी एका युनिटाच्या आगेमागे असते, ती इंजिन आणि ब्रेकवरच भरते, तिला प्लगच नसतो. प्लग-इनमध्ये बॅटरी दहा-वीस युनिटांची. पहिले पन्नास-साठ किलोमीटर विजेवर, पुढे इंजिन. रोजची कचेरी विजेवर, गावची वारी पेट्रोलवर. चीनच्या बीवायडीने २००८ मध्ये, तर अमेरिकेत शेव्हर्लेने २०१० मध्ये अशी गाडी बाजारात आणली. २०२४ मध्ये चीनमध्ये विकल्या गेलेल्या प्लगच्या गाड्यांपैकी सुमारे ४० टक्के या जातीच्या होत्या.

पण या गाडीचं सगळं गणित एका सवयीवर उभं आहे : रोज रात्री प्लग लावण्याच्या. युरोपीय आयोगाने गाड्यांमध्येच बसवलेल्या इंधनमापकांच्या नोंदी गोळा केल्या आणि मार्च २०२४ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. प्लग-इन हायब्रिड प्रत्यक्षात कागदावरच्या आकड्याच्या सरासरी साडेतीनपट प्रदूषण करत होत्या. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांत हा फरक सुमारे २० टक्क्यांचा होता. युरोपात अशा कितीतरी गाड्या नोकरीतून मिळतात आणि पेट्रोलचे पैसे मालक भरतो. प्लग शोधायची तसदी मग कोण घेईल? न भरलेली बॅटरी नुसती ओझं होते, आणि ते ओझं इंजिन ओढतं. ज्यांच्याकडे प्लग नाही त्यांच्या अडचणीवर ही गाडी उपाय नाही. तिलाही प्लग लागतोच.

आपल्याकडे तर हा पर्याय सामान्य बजेटमध्ये जवळजवळ नाहीच. व्होल्वो एक्ससी९० टी८ किंवा बीएमडब्ल्यू एक्सएमसारख्या गाड्या आल्या, त्या कोटीच्या घरातल्या. एका गाडीत दोन यंत्रणा बसवायच्या म्हणजे खर्च आलाच, त्यात कराची भर. इलेक्ट्रिक गाडीला ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के जीएसटी आहे. सप्टेंबर २०२५ च्या बदलानंतर चार मीटरच्या आतल्या लहान पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांवर १८ टक्के, मोठ्यांवर ४० टक्के. मोठी हायब्रिड, प्लग असो वा नसो, चाळिसातच मोजली जाते. माझ्या मते हे धोरण चुकीचं आहे. रोज पन्नास किलोमीटर विजेवर चालणाऱ्या गाडीला निव्वळ पेट्रोल गाडीच्या रांगेत बसवणं न्याय्य नाही. पण धोरण बदलेल या आशेवर गाडी घेणं लांबवू नका.

महाराष्ट्रात इलेक्ट्रिकच्या पारड्यात आणखी वजन पडलं आहे. राज्याच्या २०२५ च्या धोरणात मोटार वाहन करात माफी आहे. पेट्रोल गाडीवर हा कर किमतीच्या ११ ते १३ टक्के लागतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक मोटारींना टोल माफ झाला. द्रुतगती मार्गावर मोटारीला एका वेळचे ३२० रुपये लागतात. महिन्यातून चारदा मुंबई-पुणे करणाऱ्याने ते स्वतःच मोजून पाहावेत.

आणि धुराचं काय? आपली वीज अजून बहुतांश कोळशाची आहे. देशाच्या ग्रिडमध्ये एका युनिटामागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. साडेसहा किलोमीटरला एक युनिट म्हणजे शंभर किलोमीटरला अकरा किलो. पेट्रोलच्या एका लिटरमधून २.३ किलो निघतो, शंभर किलोमीटरला पंधरा. आजचा फरक फार मोठा नाही. पण पेट्रोल गाडी दहा वर्षांनीही तेवढाच धूर सोडेल, ग्रिडमध्ये सौर आणि पवनऊर्जा वाढेल तसा त्याच इलेक्ट्रिक गाडीचा वाटा कमी होईल. आणि गल्लीतल्या लहान मुलांच्या नाकाशी तिचा धूर आजही नाही.

दाजींनी गाडी घेतली. शेजाऱ्यांना मी सीएनजी सुचवली आहे. रांगा, डिकीतली कमी जागा आणि दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट ठाऊक असूनही. वर्षाला सहा हजार किलोमीटर चालवणाऱ्याला साधी लहान पेट्रोल गाडीही पुरेशी आहे, हेही सांगितलं.

पण त्यांची अडचण गाडीची नव्हतीच, सोसायटीची होती, आणि ती सुटण्यासारखी आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार घरच्या चालू वीजजोडणीवरून गाडी चार्ज करण्याची मुभा आहे. सोसायटीला चार्जिंगसाठी स्वतंत्र जोडणीही घेता येते, म्हणजे सामायिक बिलावर भार पडत नाही आणि प्रत्येकाच्या वापराची नोंद वेगळी ठेवता येते. पाच-सहा जणांनी मिळून मागणी केली तर खर्चही वाटला जातो. सहकारी गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. गाडी पुढच्या वर्षी घेणार असाल तरी चार्जिंगचा विषय सभेच्या विषयपत्रिकेत घ्यावा, असं पत्र या आठवड्यात सचिवांना द्या आणि त्याची पोच घ्या.