दातांचे विरंजन, भरावाची पकड आणि प्रतिऑक्सिडीकारके

लग्नाच्या तयारीच्या यादीत अलीकडे दात पांढरे करून घेणे हेही एक काम झाले आहे. आमच्या एका सहकाऱ्यांच्या मुलीने लग्नाच्या चार दिवस आधी दात उजळवून घेतले आणि दुसऱ्याच दिवशी समोरच्या दाताचा तुटलेला कोपरा कॉम्पोझिटने भरून घेतला. वलीम्याच्या जेवणात तो भराव निखळून हातात आला. घरच्यांनी डॉक्टरांच्या नावाने बोटे मोडली. सामानच हलके होते, असाही निष्कर्ष निघाला. सामान उत्तम असते तरी हे घडू शकले असते. दोन उपचारांत एकाच दिवसाचे अंतर होते, एवढे कारण पुरेसे आहे.

विरंजनासाठी दवाखान्यात सुमारे ३५ टक्के तीव्रतेचे हायड्रोजन पेरॉक्साइड वापरले जाते. घरी रात्रभर साच्यात घालून ठेवायच्या जेलमध्ये बहुधा १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड असते. ही पद्धत हेवूड व हेमन या अमेरिकी दंतवैद्यांनी १९८९ मध्ये मांडली. पेरॉक्साइड दंतवल्कातून, म्हणजे इनॅमलमधून, आत झिरपते आणि रंगद्रव्याचे रेणू ऑक्सिडीकरणाने मोडते. दात उजळतो. मात्र पेरॉक्साइडच्या विघटनातून सुटलेला ऑक्सिजन काही काळ दाताच्या सूक्ष्म पोकळ्यांत अडकून राहतो.

आता भरावाकडे पाहू. दंतवल्कावर फॉस्फोरिक आम्ल लावून ते खरखरीत करायचे, म्हणजे राळ त्याला धरून बसते, हे बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये दाखवले. आम्लाने पडलेल्या सूक्ष्म खड्ड्यांत पातळ राळ उतरते आणि निळ्या प्रकाशाखाली कडक होते. हे कडक होणे म्हणजे मुक्तमूलकांमार्फत होणारे बहुवारिकीकरण. आपल्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांना पुढचे सांगायला नको: ऑक्सिजन या मुक्तमूलकांना गाठतो आणि साखळी वाढण्याआधीच खुंटते. राळ जिथे सर्वांत घट्ट हवी, तिथेच कच्ची राहते. टोरांटोच्या टिटली, टॉर्नेक आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये गायीगुरांच्या दातांवर प्रयोग करून विरंजनानंतर पकड घटते, हे मांडले.

त्यावरचा रूढ उपाय म्हणजे थांबणे. साधारण एक ते तीन आठवड्यांत ऑक्सिजन निघून जातो. पण ज्याला थांबता येत नाही त्याचे काय? हाँगकाँगच्या लाय, टे आणि सहकाऱ्यांनी २००१ आणि २००२ मध्ये यावर १० टक्के सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट वापरून पाहिले. हे क जीवनसत्त्वाचे लवण आहे. ते स्वतः इलेक्ट्रॉन देऊन उरलेल्या ऑक्सिडीकारकांना निष्प्रभ करते. प्रयोगात गेलेली पकड परत आली.

उर्दूत ऑक्सिडीकरणाला ‘तकसीद’ म्हणतात आणि प्रतिऑक्सिडीकारकाला ‘माने-ए-तकसीद’, म्हणजे तकसीद रोखणारा. येथे मात्र हा पदार्थ रोखण्यापेक्षा झालेल्या गोष्टीची आवराआवर करतो. संज्ञा थोडी अपुरी पडते, इतकेच.

क जीवनसत्त्व म्हटल्यावर लिंबू आठवणारच, आणि दातांवर लिंबू चोळण्याचा सल्ला घरोघरी मिळतो. तो घातक आहे. लिंबाच्या रसाचा सामू २ च्या आसपास असतो आणि सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला की दंतवल्क विरघळू लागते. शुद्ध अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाचीही अडचण तीच. म्हणूनच संशोधकांनी आम्ल न घेता जवळपास उदासीन असलेले लवण घेतले.

अडचणी आणखी आहेत. २००२ च्या प्रयोगात आठ तासांच्या विरंजनानंतर द्रावण तीन तास लावले होते. इतका वेळ कोणता रुग्ण तोंड उघडून बसेल? पुढे तुर्कस्तानातील तुर्कुन व काया यांनी दहा मिनिटांचा प्रयोग केला आणि त्यातही फायदा दिसला. द्रावण ताजे लागते, कारण हवेत ते स्वतःच ऑक्सिडीकृत होते. शिवाय मुक्तमूलक टिपणारा पदार्थ दातावर राहिला तर तोच राळेच्या आड येईल, म्हणून नंतर तो पाण्याने नीट धुवावा लागतो. चेन्नईच्या संशोधकांनी २०११ मध्ये द्राक्षाच्या बियांच्या अर्कावरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानंतर हिरवा चहा, डाळिंबाची साल असे पर्यायही तपासले गेले. यांतले बहुतेक प्रयोग काढलेल्या दातांवरचे आहेत. तोंडातली लाळ, चावण्याचा दाब, वर्षानुवर्षांचा वापर यांची परीक्षा त्यांत होत नाही.

माझ्या मते खरी मेख रंगात आहे. विरंजनानंतर दाताचा रंग पहिले काही दिवस स्थिर नसतो; तो किंचित मागे येतो. समोरचा दात त्याच आठवड्यात भरला, तर पकड अ‍ॅस्कॉर्बेटने मिळेल, पण पंधरा दिवसांनी भराव दातापेक्षा पांढरा दिसू लागेल. त्यामुळे तेथे थांबण्याला पर्याय नाही. वाकड्या दातांवर तारेसाठी ब्रॅकेट चिकटवताना रंग जुळवण्याचा प्रश्न नसतो. तेथे हा उपाय अधिक कामाचा ठरेल.

त्या मुलीचा दात तीन आठवड्यांनी पुन्हा भरला, कोणतेही द्रावण न लावता. लग्नाच्या फोटोंत ती ओठ मिटूनच हसली आहे.