हात धरण्यापूर्वी विचारावे

अहिल्यानगरच्या जुन्या पेठेतील एखाद्या वाड्यात आजोबांची दृष्टी अधू होते. घरची माणसे मायेपोटीच त्यांच्या हातातील चहाचा कप काढून घेतात, जिना चढू देत नाहीत, डॉक्टरांशीही त्यांच्या वतीने बोलतात. आजोबा हळूहळू गप्प होत जातात. दृष्टी वयाने नेली, पण निर्णयाचा अधिकार आपणच काढून घेतला, हे कुणाच्या ध्यानीही येत नाही.

हेच शल्य सई परांजपे यांनी 1980 सालच्या ‘स्पर्श’ या हिंदी चित्रपटात मांडले. त्याचा नायक अंधशाळेचा मुख्याध्यापक आहे. कार्यालयात आलेल्या पाहुणीला तो कॉफी देऊ लागतो, ती मदतीला सरसावते आणि तो संतापतो. दिसत नाही म्हणून आपल्याला आतिथ्यही जमणार नाही, हे गृहीतच त्याला बोचते. दिल्लीतील अंधशाळेत चित्रित झालेल्या या चित्रपटात विद्यार्थ्यांच्या भूमिका तेथील मुलांनीच केल्या. त्याला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

पडद्यावरचा हा आग्रह पुढे रस्त्यावरही उमटला. 19 डिसेंबर 1995 रोजी चाकाच्या खुर्चीवरील जावेद आबिदी यांच्या नेतृत्वाखाली दिव्यांगांनी दिल्लीत निदर्शने केली. अवघ्या तीन दिवसांत, 22 डिसेंबरला, संसदेने दिव्यांगांसाठीचा कायदा संमत केला. त्याची जागा 2016 च्या कायद्याने घेतली. दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 झाले आणि त्यांत पार्किन्सनचाही समावेश झाला. चित्रपटांतील चित्रणाचा प्रश्नही न्यायालयापर्यंत गेला. स्वतः चाकाची खुर्ची वापरणारे निपुण मल्होत्रा यांच्या याचिकेवर 8 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्यांना मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. दिव्यांगांना हिणवणारे शब्द टाळावेत आणि त्यांच्याविषयीची कलाकृती घडवताना त्यांना सहभागी करून घ्यावे, हा त्यांचा गाभा.

हे सारे आपल्या घराशी कसे जोडलेले आहे? वार्धक्यात ऐकू कमी येणे, नजर मंदावणे, पाय न उचलणे हे अनेकांच्या वाट्याला येते. दिव्यांगत्व 40 टक्के वा अधिक असेल, तर प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र मिळू शकते. त्यासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. अधिक आधाराची गरज असणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूदही या कायद्यात आहे.

कागदपत्रांइतकीच महत्त्वाची आहे ती घरातील रीत. मदत करण्यापूर्वी ‘हात धरू का?’ असे विचारावे. डॉक्टरांकडे गेल्यावर प्रथम रुग्णालाच बोलू द्यावे. उशीर होईल, थोडा चहाही सांडेल, तरी कप त्यांच्याच हाती राहू द्यावा. ज्येष्ठांनीही ‘हे मला जमते’ असे सांगण्यात संकोच बाळगू नये. दिल्लीच्या रस्त्यावर जे मागितले गेले, ते आपल्या ओसरीवर आजच देता येईल.