मृत्युपत्रातून विद्यापीठाला देणगी

कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण १९३० मध्ये वारले. उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी त्यांनी मृत्युपत्राने नागपूर विद्यापीठाला दिलेली मालमत्ता त्या काळी ३५ लाख रुपयांच्या घरातली होती. विद्यापीठ तेव्हा जेमतेम सात वर्षांचे. या देणगीतून लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली ती १९४२ मध्ये, दात्याच्या मृत्यूनंतर बारा वर्षांनी. नागपूरकरांच्या बोलण्यातली ही ‘एलआयटी’ रासायनिक अभियांत्रिकी आणि तेल तंत्रज्ञानासाठी नावाजली आणि २०२३ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाली. देणाऱ्याने विषय सांगितला, इमारतीचा आराखडा आखून दिला नाही. शहाणपण त्यातच होते.

अशी देणगी आज द्यायची, तर भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ नुसार मृत्युपत्र लेखी हवे, त्यावर करणाऱ्याची सही किंवा अंगठा हवा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. दोघांनी एकाच वेळी हजर असण्याची सक्ती नाही. ज्याला काही मिळणार आहे, त्याला साक्षीदार करू नये. स्टॅम्प लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे. पण दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेल्या दस्तावर पुढे शंका घेणे अवघड जाते. वय झालेले असेल तर मानसिक सक्षमतेचा डॉक्टरांचा दाखला जोडतात.

स्वकष्टार्जित मालमत्ता हवी त्याला देता येते. हिंदू एकत्र कुटुंबातला आपला हिस्साही मृत्युपत्राने देता येतो, दुसऱ्याचा नाही. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशाची मर्यादा आहे. ख्रिस्ती व्यक्तीला जवळचे नातेवाईक असल्यास धर्मादाय देणगीसाठी मृत्यूपूर्वी बारा महिने आधी मृत्युपत्र करण्याची जाचक अट होती. सर्वोच्च न्यायालयाने ती २००३ मध्ये घटनाबाह्य ठरवली. शेतजमिनीचे नियम वेगळे असल्याने तिथे वकिलाचा सल्ला आधी घ्यावा.

खरी अडचण मजकुरात येते. संस्थांची नावे बदलतात: पुणे विद्यापीठ २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे. विभागही एकमेकांत विलीन होतात. म्हणून संस्थेचे पूर्ण नाव लिहून ‘किंवा तिची कायदेशीर उत्तराधिकारी संस्था’ हे शब्द घालावेत. ‘रसायनशास्त्रात पहिल्या येणाऱ्यास सुवर्णपदक’ एवढेच लिहिले, तर सोन्याचा भाव चढल्यावर व्याजात पदक बसत नाही. ‘ठेवीच्या उत्पन्नातून रसायनशास्त्राच्या गरजू विद्यार्थ्यांना साहाय्य, ते शक्य न झाल्यास त्याच्याशी मिळत्याजुळत्या हेतूसाठी’ ही शब्दरचना अधिक टिकते. ठरावीक रकमेऐवजी इतर वाटप झाल्यावर उरलेल्या मालमत्तेचा हिस्सा दिला, तर महागाईने देणगी खुजी होत नाही.

बँकेतल्या ठेवीला पुतण्या नॉमिनी आणि मृत्युपत्रात विद्यापीठ, असा घोळ अनेक घरांत होतो. नॉमिनी मालक नसतो, तो रक्कम स्वीकारतो आणि हक्कदाराला देणे लागतो; पण ती त्याच्याकडून मिळवायला विद्यापीठाला खेटे घालावे लागतात. मृत्युपत्र अमलात आणण्यासाठी विश्वासू आणि शक्यतो वयाने लहान व्यवस्थापक नेमला, मूळ दस्त कुठे आहे ते त्याला सांगितले आणि मुलांनाही कल्पना दिली, तर पुष्कळ वाद टळतात. विद्यापीठाशी आधी बोलावे, कारण देणगी स्वीकारण्याचा निर्णय व्यवस्थापन परिषदेचा असतो आणि अटी पेलणार नसतील तर ती नाकारली जाऊ शकते.

कराचा लाभ मात्र हयातीतच: प्राप्तिकरातली वजावट जिवंतपणी दिलेल्या देणगीला मिळते. भारतात १९८५ पासून मृत्युकर नाही. परदेशी पासपोर्ट घेतलेल्या मराठी माणसाची देणगी विदेशी अंशदान ठरू शकते. तेव्हा विद्यापीठाकडे विदेशी अंशदान कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणी किंवा सूट आहे का, हे मृत्युपत्र करण्याआधी विचारून घ्यावे.