पदवीधर आणि कला : जव्हार-मोखाड्याच्या निमित्तानें

परीक्षांचे निकाल लागले, कीं घरोघरीं एकच विषय निघतो : मुलानें किंवा मुलीनें पुढें काय करावें? वैद्यकी, इंजिनियरिंग, बँक, सरकारी नोकरी हीं नांवें निघालीं म्हणजे ओटीपासून माजघरापर्यंत सर्वांचे चेहरे खुलतात. परंतु एखाद्यानें 'मी नाटकांत जाणार', 'मला चित्रपटाचें शिक्षण घ्यावयाचें आहे' किंवा 'मी वृत्तवाहिनीवर काम करणार' असें म्हटलें, कीं आजोबा चष्मा पुसूं लागतात आणि आई पानें वाढावयास उठते. शेवटीं तोडगाही ठरलेलाच असतो : आधीं पदवी घे, मग काय तें पाहूं.

हा तोडगा अगदींच चुकीचा आहे, असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. पदवी घेऊन कलेकडे वळलेल्या माणसांनींच मराठी रंगभूमीचें एक सबंध पर्व घडविलें आहे. परंतु त्र्यंबकेश्वराचें दर्शन घेऊन पश्चिमेकडे घाट उतरूं लागलें, कीं पालघर जिल्ह्यांतील मोखाडा आणि जव्हार या दोन तालुक्यांत हाच प्रश्न उलटा होऊन समोर उभा राहतो. आपल्या घरांत पदवी जुनी आणि कला नवखी. तेथल्या घरांत कला पिढीजाद आणि पदवी नवी. कलेच्या नादानें पदवी वायां जाईल ही भीति आपल्याकडची. पदवीच्या ओढीनें कला हातची जाईल ही भीति तिकडची. या दोन्ही भीतींचा विचार एकाच बैठकींत व्हावा, एवढ्यासाठीं हा लेखनप्रपंच.

दवाखाना आणि रंगमंच

प्रथम आपल्या घरचा हिशेब पाहूं. 'नाटक्या' हा शब्द शिवीसारखा वापरला जाण्याचा काळ फार दूरचा नाहीं. सुशिक्षित स्त्रीपुरुषांनीं रंगभूमीवर व पडद्यावर यावें हें समाजाच्या गळीं उतरावयास १९३० नंतरचीं वर्षें उजाडावीं लागलीं. सेंट झेवियर कॉलेजांत शिकलेल्या दुर्गाबाई खोटे १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' या बोलपटांत तारामती झाल्या. १९३३ सालीं 'नाट्यमन्वंतर' या संस्थेनें 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणून स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनींच करण्याचा पायंडा दृढ केला. या मंडळींनीं जो टीकेचा मारा सोसला, त्यामुळेंच पुढील पिढीची वाट सुकर झाली.

पुढील पिढी म्हणजे पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाची. डॉक्टर श्रीराम लागू हे तेथील विद्यार्थी, नाक-कान-घशाचे शस्त्रवैद्य. १९५१ सालीं भालबा केळकर आदि स्नेह्यांसह त्यांनीं प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन स्थापन केली आणि दिवसा रुग्ण, संध्याकाळीं तालीम असा क्रम कित्येक वर्षें चालविला. टांझानियांतही त्यांनीं वैद्यकी केली. अखेर १९६९ सालीं, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीं, त्यांनीं वैद्यकी सोडून पूर्ण वेळ अभिनय पतकरला; पुढच्याच वर्षीं 'नटसम्राट' आलें. त्याच महाविद्यालयांतील जब्बार पटेल हे बालरोगतज्ज्ञ, मोहन आगाशे हे मनोविकारतज्ज्ञ, आणि सतीश आळेकर हे जीवरसायनशास्त्राचे पदवीधर. १९७२ सालीं 'घाशीराम कोतवाल' रंगभूमीवर आलें तें पटेलांच्या दिग्दर्शनाखालीं, आणि नाना फडणीस झाले होते आगाशे. नाटकावरून संस्थेंत मतभेद झाले, तेव्हां या तरुण मंडळींनीं १९७३ सालीं थिएटर अ‍ॅकॅडेमी काढली आणि १९८० सालीं तें नाटक युरोपांत नेलें.

यांपैकीं कोणाचीही पदवी वायां गेली, असें म्हणतां येईल काय? आमच्या मतें नाहीं. पोटाची चिंता नसल्यामुळें त्यांना गल्ल्याकडे पाहून नाटक निवडावें लागलें नाहीं. शिवाय निरीक्षण, शिस्त आणि चुकलेली गोष्ट पुन्हां पुन्हां करून पाहण्याची संवय त्यांनीं अभ्यासिकेंतूनच रंगमंचावर आणली. परंतु एक गोष्ट लपवून चालणार नाहीं : कला त्यांना महाविद्यालयाच्या वर्गांत मिळाली नाहीं. ती त्यांनीं स्नेहसंमेलनांत, स्पर्धांत, रात्रीच्या तालमींत, स्वतःच्या वेळेंतून कमावली. १९६३ पासून पुण्यांत चालूं असलेल्या पुरुषोत्तम करंडकाच्या स्पर्धेचा मराठी नाटकावर केवढा उपकार आहे, तें जाणत्यांस सांगावयास नको.

जेथें कला शिकवावी लागत नाहीं

आतां घाट उतरूं. जव्हार हें १९४८ पर्यंत मुकणे घराण्याचें संस्थान होतें. पुढें तें ठाणें जिल्ह्यांत आलें आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत आहे. २०११ च्या खानेसुमारीप्रमाणें जव्हार व मोखाडा या दोन्ही तालुक्यांत शंभरांतील नव्वदांहून अधिक माणसें आदिवासी : वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी. पावसाळ्यांत धबधब्यांनीं नटलेला हा मुलूख उन्हाळ्यांत पाण्याच्या हंड्यासाठीं मैलमैल चालतो, आणि दिवाळी झाली कीं कित्येक कुटुंबें वीटभट्ट्यांवरील मजुरीसाठीं खालीं वसई-भिवंडीकडे जातात. वृत्तपत्रांतून या तालुक्यांचें नांव आपण वाचतों तें बहुधा कुपोषणाच्या बातमीबरोबर. १९९२ सालच्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनीं तें साऱ्या महाराष्ट्राच्या कानीं घातलें.

बातमी खरीच होती. परंतु तेवढीच बातमी वाचणाऱ्यास हें ठाऊक होत नाहीं कीं याच गांवांत होळीनंतरच्या दिवसांत बोहाडा होतो. कागदाच्या लगद्याचे व लाकडाचे मुखवटे चढवून गणपति, रावण, महिषासुर, जगदंबा अशीं सोंगें संबळाच्या आणि पिपाणीच्या तालावर रात्र रात्र नाचत येतात. अमुक सोंग अमुक घरानें नाचवावें असा मान चालत आलेला असतो. सोंग अंगावर घेणाऱ्या तरुणास कोणी अभिनयाचे धडे दिलेले नसतात. बापाचीं पावलें पाहत पाहत त्याची पावलें तयार झालेलीं असतात.

तारप्याचेंही तसेंच. सुकलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा एवढ्यांतून हें वाद्य सिद्ध होतें, आणि वादकाचा श्वास तुटूं न देतां तें वाजवावें लागतें. भोंवतीं फेर धरणारे स्त्रीपुरुष त्याच्या सुरावर पाऊल बदलतात. जव्हार तालुक्यांतील वाळवंडे गांवचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ सालीं पद्मश्री जाहीर झाली, तेव्हां नव्वदी ओलांडलेल्या या वृद्ध कलावंताचें नांव शहरांत प्रथमच अनेकांनीं ऐकलें असेल.

आणि वारली चित्रें? तीं तर आतां आपल्या दिवाणखान्यांत, साड्यांवर, चहाच्या पेल्यांवर येऊन पोंचलीं आहेत. परंतु मूळ चित्र हें लग्नघराच्या भिंतीवरचा चौक. गेरूनें व शेणानें सारविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें सवासिणी तो काढीत, आणि पालघाट देवी त्यांत विराजमान होई. वारली माणूस चित्र काढणें म्हणत नाहीं, 'लिहिणें' म्हणतो. ज्यांना आपण निरक्षर म्हणत आलों, त्या बाया पिढ्यान्‌पिढ्या लिहीत होत्या!

बाहेरून आलेले पदवीधर

या लिहिण्याची ओळख जगास करून देण्यांत ज्यांचा मोठा वाटा आहे ते भास्कर कुलकर्णी हे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेले चित्रकार. बिहारांत १९६६-६७ च्या दुष्काळांत हस्तकला मंडळाच्या वतीनें ते मिथिलेंत गेले आणि भिंतीवर चित्रें काढणाऱ्या स्त्रियांच्या हातीं त्यांनीं कागद दिला. पुढें हेंच काम त्यांनीं ठाणें जिल्ह्यांतील वारल्यांत केलें. डहाणू तालुक्यांतील गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांची प्रतिभा त्यांच्या नजरेस पडली. १९७५ सालीं मुंबईच्या केमोल्ड कलादालनांत मशे यांचें प्रदर्शन झालें, १९७६ सालीं त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि २०११ सालीं पद्मश्री. २०१८ सालीं ते निवर्तले.

कुलकर्णी यांच्या आयुष्यांत आम्हांस पदवीचा सर्वांत सुंदर उपयोग दिसतो. शिकलेल्या माणसानें स्वतःचें चित्र बाजूस ठेवून दुसऱ्याचें चित्र पाहिलें, आणि त्यास 'असें काढ' म्हणून शिकविण्याचा मोह आवरला.

परंतु याची दुसरी बाजूही पाहावयास हवी. १९७७ सालीं जब्बार पटेलांनीं गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून 'जैत रे जैत' हा चित्रपट काढला. ठाकरांच्या जीवनावरील हा चित्रपट मराठींतील उत्कृष्ट चित्रपटांत गणला जातो, आणि तो योग्यच. त्यांत नाग्या झाले मोहन आगाशे आणि चिंधी झाल्या मुंबई दूरदर्शनवर बातम्या सांगून पुढें आलेल्या स्मिता पाटील. कादंबरीकार, दिग्दर्शक, नट, नटी सारींच बाहेरचीं. त्या काळीं याहून निराळें होणें कठीण होतें, म्हणून दोष कोणाचाही नाहीं. परंतु आज अर्धशतक उलटत आलें असतां डोंगराची गोष्ट डोंगरांतल्या मुलानें कां सांगूं नये, हा प्रश्न विचारणें भाग आहे.

आतां घरचाच लेखक, घरचाच कॅमेरा

तशी सामग्री आज आहे. जव्हार येथें गोखले एज्युकेशन सोसायटीचें आणि मोखाडा येथें रयत शिक्षण संस्थेचें महाविद्यालय आहे. दोन्ही मुंबई विद्यापीठाशीं संलग्न. विद्यापीठाच्या युवा महोत्सवांत नाटक, गायन, चित्रकला यांच्या जोडीस लोकनृत्याचीही स्पर्धा असते. विद्यापीठानें २००३ सालीं नाट्यकलेची अ‍ॅकॅडेमी वामन केंद्रे यांच्या संचालकत्वाखालीं काढली. लोककलेचीही अ‍ॅकॅडेमी तेथें आहे. पुणें विद्यापीठांत १९८७ पासून ललित कला केंद्र चालूं आहे, आणि पूर्वीं उल्लेखिलेले सतीश आळेकर यांनींच १९९६ पासून कित्येक वर्षें त्याची धुरा वाहिली. म्हणजे पूर्वीं जी विद्या स्नेहसंमेलनाच्या आडोशानें चोरून मिळवावी लागे, तिची आतां पदवीच मिळते.

तरी मोखाड्याच्या मुलीस ही वाट सोपी नाहीं. पहिली अडचण पैशाची. मुंबईंत खोली घेऊन दोन वर्षें उमेदवारी करणें हें मध्यम स्थितींतील कुटुंबासही जड जातें. ज्या घरांत तीच पहिली पदवीधर, त्या घरानें तें कसें सोसावें? दुसरी अडचण भाषेची. घरीं वारली किंवा कोकणा बोलणाऱ्या मुलीचे उच्चार ऐकून वर्गांत कोणी हंसलें, कीं ती गप्प होते. आणि नाटक व बातमी हे दोन्ही व्यवसाय तर तोंड उघडल्यावांचून होत नाहींत. तिसरी अडचण सर्वांत सूक्ष्म. शिकलेल्या मुलास सोंग घेऊन नाचण्याची लाज वाटूं लागते. ही लाज कोणी पाठ्यपुस्तकांत छापलेली नसते. आपल्या नजरांतून ती त्याला कळते.

या तिन्ही अडचणींतून जो पार पडेल, त्याच्यापाशीं मात्र असें धन असेल कीं जें कोणत्याही कलाशाळेंत विकत मिळत नाहीं. आजा तारप्याचे कोणते सूर कोणत्या प्रसंगीं वाजवितो, धवलेरी लग्नांत काय गाते, मुखवट्याचा लगदा कसा मळतात, हें तो न विचारतां जाणतो. तोच मुलगा ध्वनिमुद्रण शिकला तर उद्यां मावळणारा सूर जतन होईल. संपादन शिकला तर बोहाड्याचा चित्रपट पाहुण्याच्या नजरेनें न होतां यजमानाच्या नजरेनें होईल. बातमीदार झाला तर जव्हारची बातमी मृत्यूच्या आंकड्यापाशीं सुरू होऊन तेथेंच संपणार नाहीं. आणि आंकडा सांगावा लागलाच, तर त्या आंकड्यांतील मुलाचें घर त्याला ठाऊक असेल.

आपल्या हातीं काय आहे

वाचक म्हणतील, यांत आम्हीं काय करावें? आमच्या अल्पमतीस सुचतें तें असें. पहिलें, वारली चित्र घरांत लावावयाचें असेल तर तें वारली चित्रकाराचेंच घ्यावें, त्याचें नांव विचारावें आणि किंमतींत घासाघीस करूं नये. या चित्रकलेस भौगोलिक मानांकन मिळालेलें आहे. परंतु कारखान्यांत छापलेल्या नकलेवर पैसा जात राहिला, तर त्या मानांकनानें चित्रकाराची चूल पेटणार नाहीं. दुसरें, सोसायटीच्या गणेशोत्सवांत तारपानृत्य बोलवावयाचें, तर गवयास देतों तशी बिदागी, तसाच प्रवासखर्च आणि तसेंच आदराचें आसन द्यावें. 'त्यांनाही तेवढीच संधि' हें वाक्य बिदागीच्या ऐवजीं चालत नाहीं. तिसरें, आपल्यापैकीं जे शिक्षक, संपादक, निर्माते आहेत, त्यांनीं उमेदवार निवडतांना उच्चारांपेक्षां सांगण्याजोगें कोणापाशीं काय आहे, तें पाहावें.

आणि चौथें आपल्याच घरासाठीं. उद्यां आपला मुलगा कला पतकरतो म्हणाला, तर त्याला पदवीच्या आड लपवूं नये आणि पदवीवांचून सोडूंही नये. डॉक्टर लागूंना निर्णय घ्यावयास बेचाळीस वर्षें लागलीं. आपल्या मुलास दोन महिन्यांत उत्तर द्यावयास लावणें हा अन्याय होय. त्याला वेळ द्यावा, पोटापुरतें एखादें कसब द्यावें, आणि मग त्याच्या तालमीला जाऊन शेवटच्या रांगेंत बसावें. वाळवंड्याच्या घरानें तारपा पिढ्यान्‌पिढ्या टिकविला तो कोणत्याही शिष्यवृत्तीवर नव्हे. बाप वाजवीत असतां मुलगा शेजारीं बसत होता, एवढ्यावरच. तें बसणें आपल्याही घरांत सुरू झालें, तर पदवी आणि कला यांचें भांडण बरेंचसें आपोआप मिटेल.